वाण्याच्या वहीतली बाटली

दोन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात मावसबहिणीकडे चलथाणला गेलो होतो. तिच्या मुलाची मुंज होती. चलथाण हे सुरतेपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचे गाव, पलसाणा तालुक्यात. तिचे यजमान मूळचे खानदेशातले, तिथल्याच एका कापडाच्या मिलमध्ये नोकरीला. मडगावहून गाडीत बसायचे, सुरतेला उतरायचे आणि मग रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, पलीकडे मिलची धुराडी, आणि हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. सहकारी साखर कारखाना गावातच असल्यामुळे हंगामात हा वास घरात, अंथरुणापर्यंत येतो.

मुंजीच्या आदल्या दिवशी बहिणीबरोबर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. ती गूळ-खोबरे बघत होती आणि माझी नजर सवयीने दुकानाच्या वरच्या फळीवर गेली. आपल्याकडे पोसऱ्यात त्या जागी बाटल्या असतात. इथे अगरबत्तीचे पुडे आणि अंग धुण्याचे साबण होते. बहिणीने माझी नजर टिपली आणि हसून म्हणाली, "दादा, हें गोंय न्हय!"

दुकानदाराला अर्थातच काही कळले नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर गोव्यापर्यंत परत आले. वाण्याच्या दुकानात दारू असावी की नसावी या प्रश्नावर आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात मध्यंतरी एवढे रण माजले, आणि आपल्याला तो प्रश्न आहे हेसुद्धा कधी सुचले नाही! आपण जन्मापासून तांदळाच्या पोत्याशेजारी फेणीची बाटली पाहत आलो. तेव्हा म्हटले, जरा मागे जाऊन बघावे. मी काही इतिहासकार नाही. सरकारी कचेरीत फायली हलवणारा माणूस. कलाशाखेत असताना वाचायची सवय लागली, ती सुटली नाही, एवढेच.

प्रथम एक गंमत सांगतो. चलथाण म्हणजे गुजरात, आणि गुजरात म्हणजे दारूबंदी. पण तिथून दक्षिणेला वापीपर्यंत गेले आणि तिरपे समुद्राकडे वळले की दमण. दमण म्हणजे एकेकाळी आपलेच. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य होईपर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच संघप्रदेश होता, आणि १९६४ चा आपला अबकारी कायदाही तिघांचा मिळून होता. म्हणजे म्हापशाच्या बाजारातल्या बाटलीवर ज्या कायद्याचा शिक्का, त्याच कायद्याचा शिक्का दमणच्या बाटलीवर. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरा कायदा सुरू व्हायचा आणि तीच बाटली गुन्हा ठरायची. ताडाची झाडे मात्र दोन्हीकडे सारखीच.

याहून जुनी गंमत म्हणजे, एक काळ असा होता की हा सगळा किनारा अबकारीच्या एकाच सूत्रात ओवला होता. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात जो करार झाला, तो आपल्याला मुरगावच्या रेल्वेमुळे आणि मिठामुळे आठवतो. वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्याचे मीठ ब्रिटिशांच्या हाती गेले. पण त्याच करारामुळे ताडी-माडी आणि दारूवरची करव्यवस्थाही पोर्तुगीज मुलुखात ब्रिटिश धर्तीवर बसवावी लागली. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे हा करार चालला. रेंदेराच्या माडावर कर बसला आणि 'अबकारी' हा शब्द आपल्या तोंडी कायमचा रुळला. करार संपला, शब्द राहिला.

त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यात नवा अबकारी कायदा आला. त्याचा फटका सुरत जिल्ह्याच्या रानपट्टीला कसा बसला ते समजून घेण्यासारखे आहे. चौधरी, गामीत, धोडिया, कोकणा हे तिथले आदिवासी. मोहाच्या फुलांची दारू ते घरीच गाळत. लग्नाला, देवाला, मयताला ती लागे. नव्या कायद्याने घरची भट्टी बेकायदा झाली. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत आणि विकायची ती मक्ता घेतलेल्या दुकानदाराने. आपण मराठीत दारूच्या दुकानाला 'गुत्ता' म्हणतो ना, त्या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असाच आहे. गुत्तेदार म्हणजे मक्तेदार. मक्त्याचे नाव दुकानाला चिकटले आणि शेवटी दुकानाचेच नाव झाले. एका शब्दात सगळी अबकारी सामावली आहे.

सुरतेकडे हे मक्ते बहुतांशी पारशी मंडळींकडे होते. दुकानाला तिकडे पीठुं म्हणत, आपल्याकडे पिठा. पिठावाला, दारूवाला ही आडनावे आपण ऐकतोच. आता मुद्द्याची गोष्ट अशी, की हे पिठेवाले नुसती दारू विकत नसत. आदिवासीच्या हातात रोख पैसा कुठून असणार? तेव्हा दारू उधारीवर. उधारी फेडायची ती पीक आल्यावर, धान्याच्या रूपात. पीक कमी पडले तर अंगमेहनतीने. तेही पुरले नाही तर जमीन. दारूचा दुकानदार, सावकार, धान्याचा व्यापारी आणि पुढे जमीनदार, हे चारही एकाच ओट्यावर बसलेले असत. आणि ओटा एक असल्यामुळे वहीही एकच.

या वहीविरुद्ध १९२२ मध्ये जे घडले ते मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने त्यावर १९८७ मध्ये एक आख्खा ग्रंथ लिहिला. पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांमध्ये एका देवीचा संचार सुरू झाला. ती देवी गावोगाव सरकत डोंगराकडे गेली आणि १९२२ च्या नोव्हेंबरात सुरत जिल्ह्याच्या रानपट्टीत उतरली. सलाबाई हे तिचे नाव. कुणाच्याही अंगात यायची, आणि अंगात आलेला माणूस जमलेल्या हजारोंना तिची आज्ञा सांगायचा. दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, आणि पारशाच्या दुकानी व शेतावर कामाला जाऊ नका. लोकांनी ऐकले. पिठे ओस पडले. देवीच्या तोंडी हळूहळू गांधीजींचे नावही आले आणि चरखाही आला.

वाचताना मला सर्वांत लक्षणीय वाटली ती शेवटची आज्ञा. दारू सोडा असे सांगणारे संत आपल्याकडे पुष्कळ झाले. पण दारू सोडायची तर त्या दुकानदाराशी असलेला सगळाच व्यवहार तोडावा लागेल, हे त्या अंगात आलेल्या निरक्षर माणसांना कळले होते. बाटली आणि भाकरी एकाच हातातून मिळत असेल तर एक नाकारून दुसरी घेता येत नाही.

पुढे अर्थात ओहोटी आली. कर्जे होतीच, जमीन दुसऱ्याची होती. काही लोक परत पिऊ लागले, काहींनी व्रत टिकवले. चौधरींमध्ये त्यावरून दोन तटच पडले, वर्ज्य पाळणारे ते 'वरजेला' आणि परत वळलेले ते 'सरजेला'. पण त्या पट्टीतला आदिवासी मान वर करून बोलू लागला तो इथून, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर एका समाजाला दोष दिल्यासारखे होईल. मक्ता देणारे सरकार होते. घेणारा कोणीही असता तरी वही तशीच लिहिली गेली असती. शिवाय १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली ती बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळातल्या डॉक्टर गिल्डर यांनी, आणि ते पारशीच होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, त्याला न्यायालयात आव्हान देणारे बलसारा हेही पारशीच. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे सोडून तो कायदा उचलून धरला. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा दोघांच्या वाट्याला तोच कायदा आला. गुजरातने तो घट्ट धरून ठेवला, महाराष्ट्राने पुढच्या दहा-बारा वर्षांत परवान्यांच्या वाटेने सैल केला. एकाच आईच्या दोन लेकी, पण नांदल्या वेगवेगळ्या.

घट्ट धरल्यामुळे दारू गेली का? तर नाही. चलथाणच्या जवळच कडोदरा, आणि त्याला लागून वरेली हे गाव. २०१६ च्या सप्टेंबरात तिथे विषारी दारूने दहाहून अधिक माणसे दगावली. बहिणीच्या घराजवळून रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते असे ते ठिकाण. तिचे यजमान म्हणाले, "दारू इथे मिळत नाही असं नाही. दुकानात मिळत नाही, एवढंच."

आता आपल्या घरची गोष्ट. ती सांगायची की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला.

माझ्या वडिलांचे डिचोली तालुक्यात एक छोटे दुकान होते. तांदूळ, नारळ, रॉकेल, वह्या-पेन्सिली, आणि वरच्या फळीवर बाटल्या. बाटलीबंद दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला असे, त्याच्या वर गणपतीचे कॅलेंडर. या दोहोंत काही विसंगती आहे असे आम्हा भावंडांना कधी वाटले नाही. परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायचे आणि कॅलेंडरचेही. आजूबाजूला खाणी होत्या. खाणीवर काम करणारे बरेचजण आमचे गिऱ्हाईक, आणि सगळा व्यवहार वहीवर. महिन्याचा पगार झाला की खाते चुकते करायचे.

मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. शाळेतून आल्यावर संध्याकाळी गल्ल्याजवळ बसायचो. एके दिवशी एक बाई हिशेब चुकता करायला आली. तिला वाचता येत नव्हते. मला म्हणाली, "बाबा, माझे पान वाचून दाखव रे." मी वाचू लागलो. तांदूळ पाच किलो, तेल, मीठ, साखर एक किलो. पुढच्या तारखेला परत साखर एक किलो. दोन दिवसांनी परत साखर एक किलो. ती म्हणाली, "एवढी साखर मी कधी नेली? आमच्याकडे चहा गुळाचा."

मी वडिलांकडे पाहिले. ते वजनकाट्याकडे बघत होते. आणि मला एकदम कळले. साखर म्हणजे साखर नव्हती. तिचा नवरा कामावरून येताना क्वार्टर घेऊन जायचा आणि घरी कळू नये म्हणून ती साखर म्हणून मांडायला सांगायचा. वडिलांनी ते मांडले. मला सगळे कळले होते, आणि मी म्हटले, "असेल. लिहिलेय म्हणजे असेल."

तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजले. साखरेचेही.

ही गोष्ट मी रात्री आईला सांगितली. आई एरवी दुकानाच्या भानगडीत पडत नसे. त्या रात्री स्वयंपाकघरात दोघांचे काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून दुकानात नियम झाला. किराणा उधार, बाटली रोख. बाटलीची नोंद वहीत होणार नाही, मग मागणारा कोणीही असो. काही गिऱ्हाईक तुटले, काहींनी तोंडावर ऐकवले. वडिलांनी नियम मोडला नाही. पण त्या बाईला तिचे साखरेचे पैसे परत दिले गेले का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता ते नाहीत.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की ही युक्ती आमच्या गावची नव्हतीच. विलायतेत ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६० आणि १८६१ साली कायदे होऊन वाण्यांना वाईनची बाटली विकायची मुभा मिळाली. हेतू चांगला होता. लोक गुत्त्यात जाऊन कडक दारू ढोसतात, त्यापेक्षा घरी जेवताना सौम्य वाईन घेतील, असा. पण थोड्याच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. गुत्त्यात पाऊल न टाकणाऱ्या घरंदाज बायका वाण्याकडून बाटली मागवतात आणि वाणी ती बिलात दुसऱ्याच कुठल्या तरी जिनसाच्या नावावर घालतो, म्हणजे नवऱ्याला कळायला नको! तिथे नवऱ्यापासून लपवायचे, आमच्याकडे बायकोपासून. वही मात्र तीच. त्याच देशात १८८३ मध्ये मजुरांचा पगार गुत्त्यात वाटण्यास बंदी करणारा कायदाही करावा लागला. पगार, दारू आणि उधारी एका छपराखाली आली की काय होते, हे त्यांनाही अनुभवानेच शिकावे लागले.

आता महाराष्ट्राकडे येतो. २७ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाने ठरवले की शंभर चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटात एका बंदिस्त कपाटात वाईन ठेवून विकता येईल. शाळा आणि देवळांजवळ नाही, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत नाही. द्राक्षे आणि इतर फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव मिळावा, हे कारण दिले गेले. मग काय विचारता! वाईन म्हणजे दारू की नव्हे, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले. सरकारने लोकांच्या हरकती मागवल्या, जूनमध्ये ते सरकारच गेले आणि विषय बारगळला.

आम्ही गोवेकर हे सगळे वाचून हसलो. मीही हसलो, कबूल करतो. आमच्याकडे २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले त्याचे आम्ही कौतुक केले, आणि तिकडे द्राक्षाच्या रसावरून एवढा गहजब! पण चलथाणच्या त्या दुकानात उभे राहिल्यापासून वाटते की हसण्याआधी थोडे थांबायला हवे होते. महाराष्ट्रात बायकांना मतदान करून गावातला गुत्ता बंद पाडता येतो. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी बाटली जिंकली की दुकानाला कुलूप. कितीतरी गावांतल्या बायकांनी हे करून दाखवले आहे. पण बाटली जर वाण्याच्याच दुकानात आली, तर आडवे काय करायचे? तांदूळ-डाळीच्या दुकानाविरुद्ध कुठली बाई मत देईल?

तरीसुद्धा मला वाटते की भांडण फळीवरून झाले आणि वहीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. शंभर चौरस मीटरच्या सुपरमार्केटात उधारी नसते. तिथे यंत्रातून छापील बिल निघते आणि बाटली बाटली म्हणूनच नोंदली जाते. तिथून वाईन घेणाऱ्याच्या घरी त्यामुळे चूल विझणार नाही. चूल विझते ती जिथे धान्य आणि दारू यांचे देणे एकाच पानावर चढते तिथे. सुरतेच्या पिठ्यात तेच झाले, आणि आमच्या दुकानातही लहान प्रमाणात तेच होत होते. म्हणून गोव्यातल्या पोसऱ्यातली बाटली काढून टाका असे मी म्हणणार नाही. फळीवर तांदळाशेजारी ती उभी राहू दे. वहीत तांदळाशेजारी तिला जागा नको.

आणि बाटली दिसत नाही म्हणून वही स्वच्छ, असेही नाही. मुंजीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्या दुकानात गेलो. चलथाणच्या भोवती ऊसतोडीला डांगातून, धुळे-नंदुरबारकडून कोयते येतात, हंगामभर पालात राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, पोटापुरती खावटी, ती संपली की दुकानाची उधारी. अशीच एक तोडणीवाली बाई हातात छोटी डायरी घेऊन उभी होती. माझी बहीण मराठी बोलतेय हे ऐकून तिने डायरी पुढे केली. "ताई, काय लिव्हलंय वाचा ना."

बहिणीने वाचले. ज्वारी, तेल, मिरची, मग 'रोकडा ५०'. पुढे परत 'रोकडा ५०'. परत 'रोकडा १००'. किराण्याच्या खात्यावर रोख रक्कम दिलेली. कोणी नेली ते दुकानदाराला माहीत, बाईला माहीत, आणि त्या पन्नास रुपयांची पोटली कुठे मिळते तेही सगळ्यांना माहीत. दारूबंदीच्या राज्यात, बाटलीचा मागमूस नसलेल्या दुकानात, ती तिथे होतीच. आमच्याकडे तिचे नाव साखर होते, इथे रोकडा.

बाई म्हणाली, "पैसे मी न्हाई नेले."

दुकानदार काही बोलला नाही. बहिणीने मला विचारल्यासारखे पाहिले. या वेळी मी "लिहिलेय म्हणजे असेल" असे म्हटले नाही. दुकानदाराला म्हटले, "शेठ, किराणा यांच्या डायरीत लिहा. रोकडा ज्याला देता त्याच्या नावावर वेगळ्या कागदावर लिहा." तो हसला, "हा साहेब, हा साहेब" म्हणाला. पुढे त्याने तसे केले असेल की नाही, देव जाणे. मी दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो.